काकांचा तिसरा कागद

मार्च संपत आला होता. घरी कूलरला नव्या ताट्या लावायचं काम चाललं होतं आणि ओल्या वाळ्याचा वास पार अंगणापर्यंत येत होता. अशा वेळी समोरच्या घरातले काका हातात दोन कागद घेऊन आले. कोराडीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण कागद धरायची पद्धत अजून कामगार-प्रतिनिधीचीच, छातीशी आडवा. दोन्ही कागद टेबलावर पसरून ते म्हणाले, "बाई, यातल्या कोणत्यावर सही करू, तेवढं सांगा." एक कागद त्यांच्या जुन्या युनियनच्या सोबत्यानं आणून दिला होता. विशेष जनसुरक्षा विधेयकाला माझी तीव्र हरकत आहे, असं त्यावर छापलेलं, आणि खाली नाव, पत्ता, सहीसाठी रिकाम्या रेघा. दुसरा सकाळी बगिच्यात सोबत फिरणाऱ्या मित्रानं दिलेला. त्यात त्याच विधेयकाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि खाली तशाच रेघा. काका दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिले. "दोघंही माझे पक्के दोस्त आहेत. पण मला जे म्हणायचं आहे ना, ते या दोन्ही कागदांत नाही." मी विचारलं, काय म्हणायचं आहे? ते म्हणाले, "मारणाऱ्याला सोडू नका. पण संप करणाऱ्याला धरू नका. हे दोन्ही एका कागदावर लिहिता येत नाही का बाप्पा?"

ते गेले, पण त्यांचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

हे विधेयक माओवादी संघटनांना आवर घालायला म्हणून राज्य सरकारनं आणलेलं, आणि तसं आमच्या गावाशी, नागपूरशी, जोडलेलंच. 2024च्या जुलैत मुंबईला मांडलं गेलं आणि राहून गेलं. मग त्याच वर्षी डिसेंबरच्या अधिवेशनात इथे, सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात, ते पुन्हा आलं. मांडणारे मुख्यमंत्री नागपूरचे. ज्या संयुक्त समितीकडे ते गेलं, तिचे अध्यक्ष बावनकुळे कामठीचे. समितीनं लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या, त्याची मुदत त्या दिवसांत सरत आली होती. गावात जिथे जावं तिथे हाच विषय. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर, बर्डीच्या बसस्टॉपवर, नात्यातल्या वास्तूच्या जेवणात. पण जो बोलायला लागे, त्याला समोरचा पहिला प्रश्न विचारी, "तुम्ही कोणाकडून?" एकदा ते कळलं की पुढचं सगळं बोलणं ऐकायची कुणाला गरजच वाटत नव्हती. कलम कोणतं, शिक्षा किती, नोटीस कुणाला, सुनावणी कुठे, हे कोणी विचारत नव्हतं. याचं मला फार वाईट वाटत होतं, अजूनही वाटतं. नागपूरच्या माणसाला सरकारपुढे आपलं म्हणणं कसं ठेवायचं हे शिकवावं लागत नाही. आम्ही ते लहानपणापासून रस्त्यावर बघत आलोय.

आमच्या गावात मुलांना सरकार पहिल्यांदा दिसतं ते डिसेंबरात. एरवी झोपाळू असलेला सिव्हिल लाइन्सचा भाग एकाएकी लाल दिव्यांच्या गाड्यांनी भरून जायचा, रविभवनाच्या भिंतींना नवा रंग लागायचा, आणि थंडीत कुडकुडणारे परजिल्ह्यातले पोलीस चौकाचौकात कागद, काटक्या पेटवून हात शेकत बसायचे. यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघायचे आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर, टेकडी रोडवर बल्ल्या लावून अडवले जायचे. मग माणसं तिथेच डांबरावर बसायची. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही सरकारी क्वार्टरात राहायचो, तिथून घोषणा ऐकू यायच्या. शब्द कळायचे नाहीत, लय कळायची. शाळेत असताना एकदा मोर्च्यातली एक बाई पाणी मागायला आमच्या फाटकाशी आली. गोंदियाकडची अंगणवाडी सेविका होती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं पदराची गाठ सोडून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. टाइप केलेलं निवेदन, कार्बनची प्रत, जांभळी अक्षरं थोडी पसरलेली, खाली सह्या. तिला वाचता येत होतं, पण चष्मा गावी राहिला होता. ती आईला म्हणाली, "ताई, एकदा वाचून दाखवता का? आमी जे बोललो तेच लिवलं का नाही, ते पाह्यचं होतं." आईनं उंबऱ्यात उभं राहून सगळं वाचलं. मानधनाच्या मागणीशी आल्यावर बाईनं मान हलवली. मग एका ओळीवर थांबवलं. सरपण स्वतःच्या घरून न्यावं लागतं, हे तिनं टाइप करणाऱ्याला सांगितलं होतं, ते कागदावर नव्हतं. आईनं पेन आणून समासात ती ओळ लिहून दिली. बाई पुन्हा मोर्च्यात जाऊन बसली. तो कागद कोणत्या मंत्र्याच्या हाती गेला, गेला की नाही, मला माहीत नाही. पण समासातली ती ओळ मला आजही दिसते. काकांना हवी होती ती जागा अगदी तशीच.

त्याच टी-पॉइंटजवळ 23 नोव्हेंबर 1994ला 114 गोवारी माणसं चेंगरून मेली. त्यांत बाया होत्या, कडेवरची लेकरं होती. मागणी साधी होती, आमचं नाव अनुसूचित जमातींच्या यादीत घाला. कोणीतरी मंत्री येईल, निवेदन घेईल, म्हणून लोक दिवसभर बसून होते असं त्या दिवसाबद्दल अजूनही सांगतात. मी तेव्हा कॉलेजात होते. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी शिकवलं नाही आणि कुणी शिकायला बसलंही नाही. आता बर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे, झिरो माइलजवळ स्मारक आहे. मी त्या पुलावरून जाते तेव्हा दर वेळी एकच विचार येतो. सरकारनं लोकांचं म्हणणं ऐकून घेणं ही या गावात शिष्टाचाराची बाब राहिलेली नाही, तो जिवाचा प्रश्न आहे. म्हणून कोणी म्हणालं की हरकती-बिरकती सगळं नाटक असतं, होणार ते होणारच, की मला राग येतो. बोलणाऱ्याचा नाही येत. त्याला असं वाटावं इतपत परिस्थिती आली, याचा येतो.

आणि ऐकून घेतल्यानं कायदा बदलतो हेही आम्ही इथेच पाहिलंय. जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं अडकला होता. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या श्याम मानवांची व्याख्यानं ऐकत आमची एक पिढी मोठी झाली, तरी विधेयक मांडलं जाई आणि मागे पडे. विरोध करणाऱ्यांत माझी रामटेकची मावशीही होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं की हा कायदा आला की हरिपाठ बंद, कीर्तन बंद, पोरीचे कान टोचले तर पोलीस येतील. ती बुवाबाजीची बाजू घेणारी बाई नव्हती. गावात एका बाईला करणी करते म्हणून मारलं होतं, तेव्हा हीच मावशी मधे पडली होती. तरीही ती घाबरली होती, आणि तिची भीती खरी होती. पुढे 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, काही दिवसांतच वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. त्या कायद्यात एक कलम आहे. शंका राहू नये म्हणून सांगतो, हा कायदा अमुक अमुक गोष्टींना लागू नाही, अशा अर्थाचं. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन अशी रीतसर यादी त्यात आहे, कान-नाक टोचणंसुद्धा. मावशीला ते कलम मी वाचून दाखवलं तेव्हा तिनं पुन्हा वाचायला लावलं आणि मग म्हणाली, "मग आधीच का नाही लिहिलं असं?"

कुठल्याही मंत्र्यानं तिला भाषणात हे सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता. कायद्यात लिहिलेलं दिसल्यावर ठेवला.

तर काकांच्या त्या दोन कागदांवर सही करायच्या आधी आम्ही विधेयक वाचायचं ठरवलं. 2024चं विधानसभा विधेयक क्रमांक 33. झेरॉक्सवाल्यानं दोन पानं एका पानावर बसवून दिली होती, अक्षर मुंगीएवढं झालेलं, म्हणून काकांनी नातवाचं भिंग आणलं. सरकार अधिसूचना काढून एखादी संघटना बेकायदेशीर ठरवू शकेल. ते योग्य की अयोग्य हे तीन जणांचं सल्लागार मंडळ बघेल. अशा संघटनेचा सदस्य असला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. सदस्य नसूनही मदत केली तर दोन वर्षं. बेकायदेशीर कृत्य केलं तर सात वर्षं आणि पाच लाख. गुन्हे अजामीनपात्र. इथवर काका शांतपणे ऐकत होते. मग बेकायदेशीर कृत्याची व्याख्या आली. बंदूक, स्फोटकं, रेल्वे-रस्ते उद्ध्वस्त करणं, दहशत पसरवणं, यावर त्यांनी प्रत्येक वेळी "बरोबर" म्हटलं. पण त्याच यादीत सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणारं किंवा आणू पाहणारं कृत्यही होतं, तोंडी, लेखी, खुणेनं किंवा चित्रानं केलेलं. प्रस्थापित कायदा मोडायला लोकांना प्रोत्साहन देणं किंवा तसा उपदेश करणंही होतं. काकांचं बोट त्या ओळीवर थांबलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झेंडा सत्याग्रह मग काय होता?"

त्यांचे वडील 1923च्या झेंडा सत्याग्रहाच्या गोष्टी सांगत. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला इंग्रजांनी बंदी केली होती, आणि रोज नवी तुकडी बंदी मोडायला निघायची, पकडली जायची, दुसऱ्या दिवशी आणखी एक. वल्लभभाई पटेल तो लढा चालवायला इथे येऊन राहिले. त्याआधी तीन वर्षं, 1920च्या डिसेंबरात, असहकाराच्या ठरावावर काँग्रेसनं शिक्कामोर्तब केलं तेही नागपूरच्याच अधिवेशनात. कायदा शांतपणे मोडून तुरुंगात जाणं हे या गावानं देशाला दाखवलेलं काम आहे. शाळेच्या पुस्तकात ते अभिमानानं शिकवतो आणि कायद्याच्या पुस्तकात ते बंदुकीच्या यादीत येऊन बसतं, हे मला पटत नाही. आणि यात पक्षाचा काही प्रश्न नाही. आमच्याच गल्लीत दोन घरं अशी आहेत जिथले पुरुष आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे विनाखटला डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत होते, एक संघाचा, एक समाजवादी. मिसा आणताना संसदेत कोणी असं म्हटलं नव्हतं की हा शेजारच्या मास्तरांसाठी आहे. कायदा आणणारे जातात, कायदा मागे राहतो, आणि पुढे तो कुणाच्या हाती पडेल हे आणणाऱ्यालाही ठरवता येत नाही.

हे सगळं मी माझ्या एका मैत्रिणीला मोठ्या आवेशानं सांगितलं. ती गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची, शिक्षिका, पोरांच्या शिक्षणासाठी नागपुरात राहते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या गावात मोर्चा अडवला जातो याची भीती आहे. आमच्या गावात रात्री दार वाजतं याची." तिचे एक चुलते पोलीस पाटील होते. त्यांना माओवाद्यांनी पोलिसांचा खबरी म्हणून घरातून उठवून नेलं आणि सकाळी रस्त्यावर टाकून गेले, वर एक चिठ्ठी. 1 मे 2019ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि गाडीचा चालक गेले, त्यांतल्या एकाच्या घरी तिचं येणंजाणं होतं. नागपुरात त्या दिवशी कस्तुरचंद पार्कवर झेंडावंदन होऊन आम्ही घरी आलो होतो. ती म्हणाली, "बंदूकवाल्याला भाकरी देणारा, त्याची पत्रकं छापणारा, त्याच्यासाठी शहरात पैसे जमवणारा असतो की नाही? तो तुम्हाला दिसत नाही, कारण तो तुमच्यासारखाच दिसतो." तिनं पाठिंब्याच्या पत्रावर सही केली होती. मला तिला उत्तर देता आलं नाही, आणि द्यावंसंही वाटलं नाही. तिचं दुःख हे माझ्या युक्तिवादातलं एक टिपण नव्हे. बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायदा 1967पासून आहेच, मग हा वेगळा कशाला, हा मुद्दा मी अजूनही मांडेन. पण तो तिच्यासमोर मांडताना आवाज खाली येतो, आणि यायलाच हवा.

तिच्याकडून आल्यावर मी काकांकडे गेले. काकांनी तोवर तिसरा कागद लिहून ठेवला होता. फुलस्केपवर, निळ्या शाईनं, त्यांच्या रेखीव अक्षरात. माओवाद्यांचा बंदोबस्त करायला सरकारला जे लागतं ते द्या, अशी पहिली ओळ. दुसरी अशी होती: मोर्चा, धरणे, संप, सत्याग्रह, पत्रक, पोवाडा, सरकारवरची टीका, यांत हिंसा नसेल तर त्यांना हा कायदा लागू नाही, असं कायद्यातच लिहा. मी त्यांना म्हटलं, काका, हेच तर जादूटोण्याच्या कायद्यात केलंय. ही नवी मागणी नव्हेच. इंग्रजांच्या राजद्रोहाच्या कलमालासुद्धा स्पष्टीकरण जोडलेलं होतं, सरकारच्या धोरणाबद्दल नापसंती व्यक्त करणं हा गुन्हा नाही म्हणून. ते पुरेसं ठरलं नाही हे टिळकांच्या खटल्यांवरून सगळ्यांना माहीत आहे. पण निदान न्यायालयात बोट ठेवायला एक ओळ होती. काकांनी छापील दोन्ही कागद मित्रांना परत केले, आणि तिसरा विधानमंडळ सचिवालयाला रजिस्टर पोस्टानं पाठवला.

समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. एका राज्यातल्या एका विधेयकावर एवढी माणसं लिहायला बसली, ही मला मोठी गोष्ट वाटते. मसुद्यात मुख्य बदल तीन झाले. हेतूमध्ये व्यक्ती आणि संघटना असं मोघम होतं, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या आणि तत्सम संघटना असं आलं. सल्लागार मंडळावर उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष असावेत असं ठरलं. आणि तपास उपनिरीक्षकाकडून काढून पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. तिन्ही बदल चांगले आहेत, आणि लोक बोलले नसते तर ते झाले नसते असं मी मानते. 10 जुलै 2025ला विधानसभेत आवाजी मतदानानं विधेयक मंजूर झालं. डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले उभे राहून विरोध नोंदवून गेले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही ते मंजूर झालं. सरकारवर टीका करणाऱ्याविरुद्ध, आंदोलन करणाऱ्याविरुद्ध हा कायदा वापरला जाणार नाही, असं मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. ते मनापासून सांगितलं असेल, मला त्यावर शंका घ्यायची नाही. पण मग ती ओळ कायद्यात घालायला अडचण कोणती होती? उद्या एखाद्या तालुक्यातल्या ठाण्यात आशा सेविकांना बसवून ठेवलं तर तिथल्या साहेबापुढे सभागृहातलं भाषण कोण काढून दाखवणार आहे? कलम दाखवता येतं. त्याचा आकडा सांगता येतो. मी वाचलेल्या मसुद्यात तसं कलम नव्हतं, आणि झालेल्या तीन बदलांतही ते नाही.

केंद्र सरकारनं 2014 साली कायद्याआधीच्या सल्लामसलतीचं धोरण ठरवलं, त्यात मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा असं आहे, आणि आलेल्या प्रतिक्रियांचा गोषवारा प्रसिद्ध करावा असंही आहे. ते केंद्राच्या खात्यांसाठी. आपल्या राज्यातही असंच, आणि याहून थोडं पुढचं, व्हावं असं मला फार वाटतं. ते बारा हजार कागद मला वाचायचे आहेत. छापील मजकुराखाली नुसती सही केलेले किती, स्वतःच्या हातानं लिहिलेले किती, हे पाहायचं आहे. एटापल्लीतून काय आलं, भामरागडातून काय आलं, तिथल्या बायांनी काय लिहिलं, हे मला माझ्या बाजूच्या पत्रांच्या आधी वाचायचं आहे. प्रत्येक सूचनेपुढे समितीनं ती का घेतली, का घेतली नाही, हे दोन ओळींत लिहिलेलं हवं. काकांच्या दुसऱ्या ओळीपुढे काय लिहिलं असतं, याची तर मला फारच उत्सुकता आहे. येत्या अधिवेशनात आमच्या भागाच्या आमदारांना भेटून हीच एक मागणी द्यायचं ठरवलंय. मैत्रिणीला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, येते, पण माझा कागद वेगळा असेल. काका म्हणाले, बरोबर आहे, दोन्ही कागद एकाच टाचणीत लावू.